एसडीके टूलच बनवतं, मग ही इंटर्नशिप घेऊ का?

बेळगावात इन्फर्मेशन सायन्सच्या सहाव्या सेमिस्टरला शिकणाऱ्या, खानापूर तालुक्यातल्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: बेंगळुरूच्या कंपनीत सहा महिन्यांची इंटर्नशिप मिळते आहे. काम एपीआयचे (म्हणजे एका प्रोग्रॅमने दुसऱ्याकडून माहिती मागण्याच्या सोयीचे) एसडीके, म्हणजे ती सोय वापरायला लागणारा तयार कोड, बनवण्याचं. सीनियर म्हणतात, ते आता टूल मिनिटात करतं, त्यात शिकण्यासारखं काही नाही. घरचे म्हणतात, पुण्याला मावशीकडे राहा आणि मिळेल ते कर. दहावीपर्यंत मराठी माध्यम असल्याने इंग्रजी लिहिताना अडखळायला होतं, ती चिंता वेगळीच.

तुझ्या सीनियरचं पहिलं वाक्य खरं आहे, दुसरं नाही.

पूर्वी जावा, पायथन, गो अशा प्रत्येक भाषेसाठी एसडीके हाताने लिहावा लागायचा. आता एपीआयचं सगळं वर्णन एका यॅमल फाइलमध्ये, म्हणजे ठरावीक मांडणीच्या साध्या मजकुरात, लिहितात. पत्ता कोणता, पॅरामीटर (सोबत पाठवायची माहिती) कोणते, उत्तर कसं येणार, चूक झाली तर काय येणार, हे सगळं त्यात असतं. या फाइलला स्पेक म्हणतात. ती लिहिण्याचे नियम आधी स्वॅगर नावाने ओळखले जायचे, २०१६ पासून त्यांना ओपनएपीआय म्हणतात. २०१८ मध्ये स्वॅगर कोडजेन या टूलमधून वेगळा झालेला ओपनएपीआय जनरेटर ही फाइल वाचून हव्या त्या भाषेत एसडीके काढून देतो. तोही फुकट.

पण जनरेटरला अक्कल त्या फाइलइतकीच. बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीत पॅटर्न चुकला की प्रत्येक कास्टिंग चुकतं, तसंच इथे स्पेक चुकला की सगळ्या भाषांतले एसडीके एकदम चुकतात. म्हणून स्पेक नीट लिहिणारा आणि निघालेला कोड वाचून चूक पकडणारा माणूस लागतोच. तुला ते व्हायचं आहे.

हे मी सांगते म्हणून मानू नकोस, घरी करून बघ. गावातल्या दूध डेअरीच्या संकलनाचा छोटा स्पेक लिही: सभासद, तारीख, वेळ, लिटर, फॅट, रक्कम. त्यातून पायथन आणि जावा दोन्ही एसडीके काढ. मुद्दाम ऑपरेशन आयडी, म्हणजे एपीआयच्या त्या त्या कामाचं नाव, लिहू नकोस. पायथनमध्ये फंक्शनचं नाव ‘मेंबर्स_आयडी_कलेक्शन्स_गेट’ असलं काहीतरी येईल, कारण नाव नसलं की जनरेटर पत्त्यातूनच ते जुळवतो. वापरणारा वैतागेल ना? मग स्पेकमध्ये नीट नाव दे आणि पुन्हा काढ. रक्कम ‘नंबर’ म्हणून लिहिलीस तर पायथनमध्ये ती फ्लोटमध्ये जाते, त्यात दशांश आकडे नेहमी अचूक राहत नाहीत, आणि बेरजेत पैशांचा घोळ होऊ शकतो. पूर्ण पैशांत, इंटिजर (पूर्णांक) म्हणून ठेव.

सगळ्यात जास्त शिकवेल ते ‘वेळ’. तिथे एनम (ठरलेल्या पर्यायांची यादी) करून सकाळ आणि संध्याकाळ एवढेच पर्याय दे, जावाचा एसडीके काढ, आणि नंतर सर्व्हरवरून ‘दुपार’ पाठव. नेहमीच्या सेटिंगवर काढलेला जुना एसडीके ‘अनएक्स्पेक्टेड व्हॅल्यू’ म्हणून एक्सेप्शन टाकेल, म्हणजे चूक सांगून तिथेच थांबेल. सर्व्हरवर एकच शब्द वाढला, आणि ज्यांनी कालच एसडीके बसवला त्यांचं अ‍ॅप बंद. कुठला बदल जुन्या ग्राहकाला मोडतो हे आधीच ओळखणं हीच या कामातली खरी विद्या, आणि ती कॉलेजच्या लॅबमध्ये सहसा कोणी शिकवत नाही. शिवाय एक सवय आत्ताच लाव: निघालेल्या कोडमध्ये हाताने दुरुस्ती करायची नाही. पुढच्या वेळी एसडीके काढला की ती पुसली जाते. दुरुस्ती स्पेकमध्ये, नाहीतर जनरेटर ज्या साच्यावरून कोड काढतो त्या टेम्प्लेटमध्ये.

इंग्रजीचं. स्पेकमधली वर्णनं एक-दोन ओळींची, साध्या वाक्यांची असतात, आणि तशी वाक्यं सरावाने येतात. गिटहब (कोड ठेवायची साइट) आणि स्ट्राइप (ऑनलाइन पैसे स्वीकारण्याची सेवा) या कंपन्यांनी आपले स्पेक सगळ्यांसाठी खुले ठेवले आहेत. रोज त्यातलं एक ऑपरेशन वाच, झाकून ठेव, स्वतःच्या शब्दांत लिही आणि ताडून बघ. इंटर्नशिप सुरू होईपर्यंत हात बसेल. मराठी माध्यमातून आलीस याचा कमीपणा तर मुळीच वाटून घेऊ नकोस.

पुण्याबद्दल घरच्यांची काळजी मला कळते. पण मावशीचं घर जवळ आहे म्हणून ‘मिळेल ते’ काम घेणं मला पटत नाही. तुला कन्नड येतं, बेंगळुरूत परकं वाटणार नाही. बाबांना सांग की राहण्याची सोय आणि स्टायपेंड लेखी विचारून घेईन, आणि खरंच विचार. लेखी मिळालं नाही तर थांब.

होकार देण्याआधी कंपनीला आणखी दोन गोष्टी विचार. स्पेक आधी लिहितात की कोड झाल्यावर त्यातून काढतात? आणि माझं काम रोज कोण तपासणार? तपासणारं कोणी नसेल आणि तुझ्या वाट्याला नुसतं बटण दाबून फाइल पाठवणं येणार असेल, तर सीनियरचं म्हणणं त्या जागेपुरतं खरं ठरेल, तेव्हा नाही म्हण. उत्तरं नीट मिळाली तर घे. डेअरीचा स्पेक गिटहबवर टाकून त्याची लिंक होकाराच्या मेलमध्येच जोड.