कादंबरीवरच्या सिनेमाचा दिग्दर्शक शूटिंगआधीच बदलला, तर जुन्या पटकथेचं काय होतं? टॉल्किनच्या कादंबरीवरचा ‘हॉबिट’ त्यामुळेच फसला ना?

पहिल्याचं उत्तर छोटं आहे. पटकथेचे पैसे निर्मात्याने मोजलेले असतात, त्यामुळे दिग्दर्शक गेला तरी ती निर्मात्याकडेच राहते. नवा माणूस ती वापरतो, मोडतो नाहीतर बाजूला सारतो.

दुसऱ्याबद्दल मात्र जरा सविस्तर बोलतो, कारण हे वाक्य ऐकून ऐकून कान किटलेत. ‘हॉबिट’ दिग्दर्शक बदलला म्हणून फसला नाही. नव्या दिग्दर्शकाला तयारीला वेळ दिला नाही म्हणून फसला.

पहिला दिग्दर्शक गियेर्मो देल तोरोने मे 2010 मध्ये काम सोडलं. एमजीएम स्टुडिओ कर्जात रुतला होता आणि शूटिंगची तारीखच ठरत नव्हती. नवा दिग्दर्शक म्हणून पीटर जॅक्सनचं नाव ऑक्टोबरमध्ये जाहीर झालं आणि मार्च 2011 मध्ये कॅमेरा सुरू. मधे पाच महिने, त्यातही जानेवारीत जॅक्सनचं अल्सरचं ऑपरेशन. जॅक्सनच्याच आधीच्या ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चं डिझाइनचं काम 1997 मध्ये सुरू झालं होतं आणि पहिला शॉट 11 ऑक्टोबर 1999 ला लागला, म्हणजे तयारीलाच दोनेक वर्षं. आता कोणी म्हणेल, जॅक्सन निर्माता आणि सहलेखक म्हणून आधीपासून होताच की. होता. पण पटकथा पाठ असणं वेगळं आणि सेट, चिलखतं, प्राणी, लढाईतली प्रत्येक तुकडी कुठून कुठे सरकणार हे आपल्या नजरेने ठरवणं वेगळं. देल तोरोसाठी काढलेली चित्रं जॅक्सनच्या कॅमेऱ्याला कशी पुरणार? शेवटच्या युद्धाचा आराखडाच हातात नव्हता, म्हणून ते शूटिंग थांबवून 2013 वर ढकललं. डिस्कसोबतच्या पडद्यामागच्या चित्रफितींमध्ये जॅक्सनने हे स्वतः कबूल केलंय. त्यात जुलै 2012 मध्ये, मुख्य शूटिंग उरकल्यावर, दोनाचे तीन भाग करायचं ठरलं!

याउलट स्टीफन किंगच्या कादंबरीवरचा ‘इट’ बघा. दिग्दर्शक कॅरी फुकुनागा मे 2015 मध्ये बाहेर पडला, तेव्हा शूटिंग अगदी तोंडावर होतं. स्टुडिओने घाई केली नाही. अँडी मुस्कियेटीला आणलं, गॅरी डॉबरमनकडून पटकथा पुन्हा लिहून घेतली आणि जून 2016 मध्ये कॅमेरा लावला. सिनेमा तुफान चालला. तरी लेखक म्हणून फुकुनागाचं नाव पडद्यावर आहे, ‘हॉबिट’वर देल तोरोचंही आहे.

ही नावं कोणी मेहरबानीने ठेवत नाही. अमेरिकेतल्या पटकथालेखकांच्या संघटनेचा, म्हणजे गिल्डचा नियम असा, की कादंबरीवरच्या पटकथेत 33 टक्क्यांहून जास्त वाटा असेल तर श्रेय मिळतं. श्रेयासाठी सुचवलेल्यांत दिग्दर्शक किंवा निर्माता असेल, तर तक्रार नसली तरी लवाद बसतो. तिघे जण सगळे खर्डे वाचतात, लेखकांची नावं झाकून. पडद्यावर दोन नावांमध्ये अँपरसँडचं चिन्ह असेल तर ती जोडी एकत्र लिहीत होती. ‘अँड’ अक्षरांत लिहिलं असेल तर एकामागून एक, वेगवेगळं लिहिलंय.

आणि ‘दिग्दर्शक बदलला की कादंबरीची माती’ म्हणणाऱ्यांनी ‘गाइड’चं काय ते सांगावं. हिंदी आवृत्ती आधी चेतन आनंद करणार होते, ते ‘हकीकत’कडे गेले. दिग्दर्शन विजय आनंदांकडे आलं आणि त्यांनी पटकथा नव्याने लिहिली. इंग्रजी आवृत्ती टॅड डॅनिएलेव्स्कीची, पटकथेला अमेरिकन लेखिका पर्ल बक. ती आज कोणाला आठवते? मूळ कादंबरीचे लेखक आर. के. नारायण सिनेमावर नाराज होते हे खरं, मालगुडी सोडून राजस्थान दाखवलेलं त्यांना पटलं नव्हतं. पण तो राग दिग्दर्शक बदलल्याचा नव्हता.

33 टक्क्यांचा हिशोब भारतात गृहीत धरू नका. तुम्ही स्वतः लिहीत असाल तर करारातलं श्रेयाचं कलम आधी वाचा, आणि प्रत्येक खर्डा तारीख घालून ईमेलनेच पाठवा.