खाटेखालची तीनशे चाळीस पुस्तकं

प्रश्न : काका, मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात एका हायस्कुलात मराठी शिकवतो. गेल्या दिवाळीत पहिला कथासंग्रह स्वखर्चानं काढला. पानं १४४, किंमत २२० रुपये, प्रती ५००. प्रकाशनाला माणसं भरपूर आली, चहा झाला, कुंदा झाला, पुस्तकं खपली साठ. शंभरेक भेट म्हणून वाटली. उरलेली ३४० खाटेखाली आहेत. पाहुणे म्हणतात, "सर, उसाचं बिल अजून आलं नाही, पुस्तक कुठनं घेऊ?" जाहिरातीला माझ्याकडंही पैसे नाहीत. काय करू?

उत्तर : सर, आधी ती खाटेखालून काढा आणि फळीवर, भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा. हे अनुभवाचे बोल आहेत. माझ्या पहिल्या पुस्तकाच्या चाळीस प्रती मी एका दुकानात 'विकल्या की पैसे' या बोलीवर ठेवल्या होत्या. पावसाळा संपल्यावर गेलो तर गठ्ठा माळ्यावर, सुतळीसुद्धा सोडलेली नाही, आणि आतून कसर लागलेली. दुकानदार म्हणाला, कुणी मागितलंच नाही. मागणार कसं, पुस्तक आहे हेच कुणाला ठाऊक नव्हतं!

पाहुणे खोटं बोलत नाहीत. ऊस घातल्यावर १४ दिवसांत पैसे मिळावेत असा नियम आहे, पण ज्याचं बिल अडकलंय तो नियम वाचत बसत नाही. तेव्हा २२० रुपये आज मागूच नका. दहा रुपये मागा.

कसे ते सांगतो. मी चाळीस वर्षं छापखान्यात काढली. दुसऱ्या पुस्तकाच्या वेळी बाइंडिंग झाल्यावर दुसऱ्या फर्म्याचे, म्हणजे एका मोठ्या कागदावर एकत्र छापलेल्या सोळा पानांचे, दीडशेक कागद जादा उरले. रद्दीत घालायचं जिवावर आलं, म्हणून घडी घालून पिना मारल्या. सोळा पानांची चोपडी झाली. योगायोगानं माझी कथा १७ व्या पानावर सुरू व्हायची. ३२ व्या पानावर ती अर्ध्यात तुटली. नायिका हलग्याच्या फाट्यावर बसमधून उतरते, हातात नवऱ्याची पिशवी, आणि पुढचं पान नाही! त्या चोपड्या मी दूध डेअरीत ठेवल्या. सकाळ-संध्याकाळ कॅन घेऊन रांगेत उभं राहणाऱ्याला दुसरं काम काय असतं? आठवड्यानं डेअरीवालाच मला म्हणाला, "पुढं काय झालं ओ तिचं? नवरा मेला की पळाला?" मी म्हणालो, पुस्तकात आहे. त्यानं दुधाच्या बिलातून पैसे वळते करून घेतले. त्या एका डेअरीतून बावीस प्रती गेल्या.

तुमच्या छापखान्यात पुस्तकाच्या छपाईच्या प्लेटा अजून असतील तर आजच फोन करा, महिन्या-दोन महिन्यांत त्या भंगारात जातात. पहिला फर्मा नको, त्यात अर्पणपत्रिका, प्रस्तावना आणि ऋणनिर्देश असतात, ते फक्त ज्याचं नाव आहे तोच वाचतो. गोष्ट सुरू होते तो फर्मा घ्या. तीनशे प्रतींना वाया जाणारे धरून पाऊण रीम कागद लागेल. शेवटच्या पानावर तुमचा फोन नंबर आणि पैसे भरायचा क्यूआर कोड चिकटवा. किंमत दहा रुपये, आणि पुस्तक घेणाऱ्याला ते दहा वजा.

हेच फर्मे संक्रांतीला वाण म्हणून द्या. रथसप्तमीपर्यंत घरोघरी हळदीकुंकू असतं, दहा रुपयांत आता स्टीलची वाटीसुद्धा येत नाही. तुमच्या सौभाग्यवतींना विचारून करा मात्र. मी न विचारता केलं होतं, त्याची वेगळी कथा होईल.

त्याच सुमाराला आपल्या बेळगाव भागातल्या गावांची साहित्य संमेलनं लागतात. कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा, कुद्रेमानी. पुण्यातल्या माणसाला पटत नाही की एवढ्याशा गावात ग्रंथदिंडी निघते आणि आयाबाया डोक्यावर कलश घेऊन चालतात. बेळगावात अखिल भारतीय संमेलन १९२९, १९४६ आणि २००० असं तीनदा झालं, पण पुस्तकं हातोहात विकायला मला ही गावची संमेलनं बरी वाटतात. स्टॉलवर मान खाली घालून बसू नका. आयोजकांना दोन महिने आधी भेटा आणि कथाकथनात वीस मिनिटं मागा. शंकर पाटील, मिरासदार, माडगूळकर यांनी गावोगाव फिरून कथा सांगितल्या, तो रस्ता अजून बुजलेला नाही. वाचू नका, सांगा. जेवणाच्या पंगतीआधीची वेळ मिळाली तर घेऊ नका, लोकांचं लक्ष भाताकडं असतं.

आपण कर्नाटकात असलो तरी आणखी एक दार आपल्याला आहे. उचगाव ओलांडून शिनोळीला गेलं की महाराष्ट्र. चंदगड, गडहिंग्लज, आजरा भागात शासनमान्य ग्रंथालयं आहेत. अगदी 'ड' वर्गाच्या ग्रंथालयालाही अनुदानातला काही भाग पुस्तकांवर खर्च करावा लागतो. मार्च अखेरीच्या आत एक शनिवार काढा, पाच पुस्तकं आणि बिलबुक पिशवीत टाका. बिल नीट छापलेलं हवं. वहीच्या कागदावरचं बिल त्यांच्या हिशेबाला चालत नाही.

लांबच्या वाचकाला टपालानं पाठवताना 'ज्ञान पोस्ट' ही टपाल खात्याची पुस्तकांसाठीची सेवा विचारा. १ मे २०२५ पासून ही सेवा आहे, ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि वर कर. पुस्तकावर मुद्रक-प्रकाशकाचं नाव लागतं. कथासंग्रह त्यात बसतो का, ते पाकीट बंद करण्याआधी खिडकीवर दाखवून घ्या.

उसाचं बिल जमा झालं की पाहुण्यांकडं परत जा. बिल आलं नाही हेच कारण त्यांनी दिलं होतं, आठवण करायला लाजू नका.

प्रश्न : मी निपाणीची. कविता करते. एका संस्थेचा फोन आला की माझ्या संग्रहाला राज्यस्तरीय पुरस्कार मिळालाय, सोहळ्यासाठी २,५०० रुपये भरा. पुस्तकाची प्रसिद्धी होईल म्हणतात. भरू का?

उत्तर : नको ताई. मी पुस्तक स्पर्धेला पाठवलंच कधी, असं त्यांना विचारा, फोन आपोआप कट होईल. फेटा, शाल आणि फोटो यांचेच ते पैसे आहेत, आणि फोटोत तुमच्या शेजारी आणखी साठ जणी असतील. त्यापेक्षा बारा मैत्रिणींची पुस्तकभिशी लावा. महिन्याला पन्नास रुपये, चिठ्ठीत नाव निघेल तिला सहाशेची पुस्तकं, आणि ती महिनाभर बाराही घरांत फिरतील. आमच्या शहापुरात माझ्या बहिणीनं लावली आहे, तिसरं वर्ष चालू आहे. पहिल्याच महिन्यात तुमचाच संग्रह घ्यायला लावू नका, तिसऱ्या-चौथ्याला त्या स्वतःच विचारतील.