श्रीलंकेला पहिल्यांदा निघताय? आधी बेत थोडा छाटा

मेच्या सुट्टीत आईवडिलांना घेऊन पाच दिवसांत अख्खी श्रीलंका बघायची, असं तुम्ही लिहिलंय. जा, नक्की जा! फक्त ठिकाणं निम्मी करा.

नकाशावर बेट लहान दिसतं, उत्तर-दक्षिण जेमतेम ४३५ किलोमीटर. पण सातारा-पुणे हायवेचा हिशेब तिथल्या डोंगरात चालत नाही. कँडी ते नुवारा एलिया साधारण ८० किलोमीटर, आणि रस्ता आपल्या पसरणी घाटासारखा वळणावळणाचा. अडीच-तीन तास धराच. रोज मुक्काम बदलणं ही नवख्यांची नेहमीची चूक. पहिल्या खेपेला मीही तेच केलं, आणि घरच्यांना चहाचे मळे गाडीच्या काचेतूनच दिसले. अजून वाईट वाटतं. कँडीत दोन रात्री तरी राहा.

दुसरं, पाऊस. मेपासून पश्चिम आणि दक्षिण किनाऱ्यावर मोसमी पाऊस सुरू होतो. तेव्हा समुद्र हवा असेल तर पूर्वेला त्रिंकोमाली. जमलं तर जानेवारी ते मार्च निवडा, मग दक्षिण किनाऱ्यावरचं गाल शहरही मनसोक्त बघता येईल.

आणखी थोडं:
- ऑनलाइन प्रवास परवाना निघण्याआधी काढा.
- कँडीच्या दंतमंदिरात (तिथे बुद्धाचा दात जपून ठेवलाय) खांदे-गुडघे झाकलेले हवेत. बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो नको, तिथे तो अपमान समजतात.
- शाकाहारी असाल तर खोबऱ्याच्या सांबोलमध्येही (तिथली चटणी) बऱ्याचदा सुकी मासळी असते, विचारूनच घ्या.

सिगिरियाच्या कातळावरच्या किल्ल्याला सुमारे १२०० पायऱ्या आहेत. आई-बाबांना सज्जनगड सहज चढता येतो का, ते आधी बघा. चढणार असाल तर सकाळी सातलाच.