‘तुमच्याकडून काही घेत नाही’

चि.,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज काल रात्री वाचला. पुण्यात बाणेरला भाड्यानं ऑफिस बघते आहेस, आत्ता चौदा माणसं, वर्षभरात वीस होतील, आणि ब्रोकर इतका भला मिळालाय की आपल्याकडून दलालीचा एक रुपयाही घेणार नाही म्हणतो. त्या वाक्यापुढे तू हसरा चेहरा टाकलायस. तिथंच मी ठरवलं की हे फोनवर बोलण्यासारखं नाही, बसून लिहायला हवं.

अगं, तो तुझ्याकडून घेत नाही म्हणजे मालकाकडून घेतो. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतो आणि टोकन देताना नेमकी विसरतो. तो माणूस वाईट आहे असं मी म्हणत नाही. तो दुसऱ्याचा माणूस आहे, एवढंच.

मला हे कळायला सतरा महिन्यांचं भाडं मोजावं लागलं. आमचं पहिलं स्वतंत्र ऑफिस ज्यानं मिळवून दिलं, तो मुलगा फार गोड होता. चहा सांगायचा, गाडी पाठवायचा. करारात तीन वर्षांचं लॉक-इन होतं, म्हणजे जागा आधी सोडली तरी तीन वर्षांचं भाडं द्यायचंच. मी म्हटलं, एक वर्षाचं होईल का? तो लगेच म्हणाला, “मॅडम, मालक ऐकायचे नाहीत.” मालकाला त्यानं फोनसुद्धा लावला नव्हता, हे माझ्या तेव्हा लक्षातच आलं नाही. एकोणीस महिन्यांनी आमचं मोठं काम गेलं, माणसं निम्मी झाली, जागा सोडायची वेळ आली आणि उरलेलं लॉक-इन अंगावर आलं. शेवटच्या बैठकीत मालक सहज बोलून गेले की दलाली त्यांनीही दिली होती आणि लॉक-इनचं कलम त्या मुलानंच सुचवलं होतं. आपण फक्त माझ्याकडूनच पैसे घेतो, असं त्यानं कधी म्हटलं नव्हतं. तो कोणाचा आहे, हे मी विचारलंच नव्हतं.

म्हणून पहिल्या भेटीत पहिला प्रश्न हाच विचार: या व्यवहारात तुम्हाला कोणाकोणाकडून पैसे मिळणार? उत्तर ईमेलवर माग. “दोन्हीकडून, आमच्यात तसंच चालतं” असं सरळ सांगणारा मला परवडतो. “ते तुम्ही सोडा हो” म्हणणारा परवडत नाही. आपल्याकडे काही इमारतींचं मँडेट, म्हणजे भाडेकरू आणण्याचं मालकानं सोपवलेलं काम, एकेका ब्रोकरकडे असतं. तो तुला त्याच तीन इमारती फिरवून दाखवील आणि बाजारात दुसरं काही नाही असं तुला वाटायला लागेल. को-वर्किंगचं, म्हणजे अनेक कंपन्यांनी वाटून वापरायच्या तयार ऑफिसांचंही तसंच. तिथं जागा चालवणारी कंपनी ब्रोकरला पैसे देते, म्हणून ‘तुम्हाला फुकट’.

आता पैशांचं. तुझ्या बाजूनं काम करणाऱ्याला तू स्वतः पैसे दे आणि ते महिन्याच्या भाड्याच्या हिशेबात देऊ नकोस. एका महिन्याचं भाडं म्हणजे दलाली, असं ठरलं की त्यानं तुझं भाडं दहा हजारांनी उतरवलं तर त्याचे स्वतःचे दहा हजार जातात. तुझे मात्र तीन वर्षांत ३ लाख ६० हजार वाचतात. मग तो भांडेल कशाला? आधीच एक ठोक आकडा ठरव. १८% जीएसटी वेगळा आणि पक्कं बिल. मालकाकडून त्याला काही मिळालंच तर ते तुला कळवायचं आणि तुझ्या आकड्यातून वजा करायचं, हेही त्याच कागदावर येऊ दे. खरा ब्रोकर यावर क्षणभर थांबेल, मग हसेल. तो हसला की समज, याला धंदा कळतो.

ब्रोकरच्या कार्डावर महारेराचा, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामकाचा, नंबर बघून भुलू नकोस. २०१६चा रेरा कायदा एजंट म्हणतो तो प्रकल्पातल्या घरांच्या आणि गाळ्यांच्या विक्रीतला. भाड्याच्या व्यवहारात तुझं काही बिनसलं तर तो नंबर तुझ्या कामाचा नाही. तिथं तुला वाचवणार तुझा लेखी करार आणि त्या माणसाची बाजारातली पत.

पत कशी तपासायची? सगळे ब्रोकर नुकत्याच जागा दिलेल्या गिऱ्हाइकांचे नंबर देतात. नवीन ऑफिसात सगळेच खूश असतात. तू जागा सोडून गेलेल्या गिऱ्हाइकाचा नंबर माग. डिपॉझिट किती दिवसांत परत आलं, रंगाचे आणि मोडतोडीचे म्हणून किती कापले, तेव्हा ब्रोकरनं फोन उचलला का, एवढं त्याला विचार.

मला पुढे जे गृहस्थ भेटले त्यांची एक पाहणी सांगते, म्हणजे काय शोधायचं ते कळेल. पन्नाशीचे, कोपरात हेल्मेट अडकवलेलं. आम्ही खिडकीतून दिसणाऱ्या टेकडीचं कौतुक करत होतो आणि यांनी खिशातून लेझर मीटर काढून भिंतीला लावला. खोली खोली मोजून वहीत आकडे लिहिले. मग मालकाच्या माणसाकडे महावितरणचं बिल मागितलं, त्यावरचा मंजूर भार बघितला आणि आमच्या एसींचा हिशेब बोटांवर केला. खाली उतरल्यावर वॉचमनला तंबाखू देत विचारलं, “जनरेटरवर लिफ्ट चालते का हो? रात्री किती वाजता बंद करता?” भोगवटा प्रमाणपत्राची प्रत आणि जागा बँकेकडे गहाण असेल तर बँकेचं ना हरकत पत्र त्यांनी आम्हाला न विचारता मागवलं. गाडीपाशी येऊन म्हणाले, “मॅडम, ही घेऊ नका.” त्या दिवशी त्यांना काहीच मिळालं नाही. पुढची तिन्ही ऑफिसं मी त्यांच्याकडूनच घेतली.

लेझर मीटरचं महत्त्व एका उदाहरणात बघ. समज, एक जागा ७० रुपये फूट दरानं २४०० फूट आणि दुसरी ८० रुपये दरानं २००० फूट. तुला पहिली स्वस्त वाटणार. पण हे फूट जिना, लॉबी वगैरे धरून फुगवलेले असतात. दोन्हीकडे आत वापरायला कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतली प्रत्यक्ष जागा, १३०० फूटच असेल तर पहिलीचं भाडं १ लाख ६८ हजार आणि दुसरीचं १ लाख ६० हजार. मेंटेनन्सही त्याच फुगवलेल्या फुटांवर लागतो. १२ रुपये धरले तर पहिलीला २८,८०० आणि दुसरीला २४,०००. म्हणजे ‘स्वस्त’ जागा महिन्याला १२,८०० रुपयांनी महाग. हा तक्ता ब्रोकरनं तुला आपणहून करून द्यायला हवा. तुला मागावा लागला तर माणूस बदल.

“अकरा महिन्यांचं नोटरी करून टाकू, रजिस्ट्रेशनला कशाला पैसे घालवता” असं म्हणणाऱ्याला तिथंच नमस्कार कर. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९च्या कलम ५५ प्रमाणे लीव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी जागा वापरू देण्याचा, करार लेखी आणि नोंदणीकृतच लागतो, नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. हे ज्याला ठाऊक नाही, किंवा ठाऊक असून जो असं बोलतो, त्याच्या हातात तुझं डिपॉझिट कशाला द्यायचं?

मोठ्या कन्सल्टन्सीकडे जावं का, असं तू विचारलं होतंस. मजलेच्या मजले घ्यायचे असतील तर जरूर जा, त्यांच्याकडची माहिती आणि वकिली ताकद वेगळीच असते. तुझ्या वीस माणसांच्या ऑफिससाठी पहिल्या मीटिंगला साहेब येतील आणि पाहणीला कालच रुजू झालेलं पोर. जायचंच असेल तर पाहणीला आणि वाटाघाटीला कोण येणार, त्याचं नाव आधी लिहून घे. मी तुझ्या जागी असते तर त्याच पट्ट्यात दहा-बारा वर्षं काढलेला एकटा माणूस निवडला असता आणि त्याला साठ दिवस एकट्यालाच काम दिलं असतं. पाच जणांना सांगितलंस की पाचही जण तीच इमारत पाच दरांनी दाखवतील आणि शेवटी ‘पार्टी माझी’ म्हणून तुझ्याच दारात भांडतील.

उद्याच्या पाहणीला जा, पण गेटवर तुझ्यापुढे एक व्हिजिट फॉर्म येईल. ‘ही जागा आम्ही दाखवली, व्यवहार झाल्यास इतकी दलाली देय’ असं त्यात बारीक अक्षरात असतं. ‘फुकट’वाल्याकडेही असतं. सही करू नकोस, फोटो काढून मला पाठव. अकरापर्यंत मी घरीच आहे.

— मॅडम