पायी जाताना पिकअपने उडवलं, आईचा पाय मोडला. मालक ५० हजारांत मिटवा म्हणतो. काय करावं?

भाऊ, आधी एकच सांगते: मालकाच्या तडजोडीच्या स्टॅम्प पेपरवर आईचा अंगठा उठू देऊ नका.

तुम्ही लिहिलंय की आई कापूस वेचून पाळधीजवळ हायवेच्या कडेने घरी येत होती. मागून पिकअपने उडवलं, मांडीचं हाड मोडलं, जळगावला रॉड टाकला. आता शेजारच्या गावचा गाडीमालक ५० हजार देतो, केस करू नका म्हणतो आणि वर 'तुमची आईच मधे आली' असंही ऐकवतो. महिना होत आला, पोलिसांत अजून तक्रार नाही.

मी धुळ्यात एका वकिलांकडे अपघाताच्या दाव्यांचे कागद लावते. असे स्टॅम्प पेपर सारखे हातात येतात. मजकूर ठरलेला असतो: 'अपघात माझ्याच चुकीने झाला, उपचाराचा खर्च मिळाला, यापुढे माझी काही तक्रार नाही.' खाली दोन साक्षीदार, बहुतेक वेळा दोघंही मालकाच्याच ओळखीचे. पुढे दावा लागला की विमा कंपनीचे वकील सगळ्यात आधी हाच कागद पुढे करतात.

५० हजार किती कमी आहेत ते बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ प्रमाणे गंभीर दुखापतीला अडीच लाख मिळतात आणि त्यात चूक कोणाची हे बघितलं जात नाही. हाड मोडणं ही कायद्याने गंभीर दुखापतच आहे. म्हणजे आई मधे आली असं क्षणभर धरलं, तरीही! गाडीचा विमा चालू असेल तर हे पैसे विमा कंपनी देते, मालकाच्या खिशातून जात नाहीत. पण ही रक्कम घेतली की कलम १६६ खालचा, म्हणजे झालेलं सगळं नुकसान मोजून भरपाई मागायचा मोठा दावा संपतो, म्हणून वकिलांशी बोलल्याशिवाय तीही घेऊ नका. तुमच्या आईच्या बाबतीत मी १६६ चाच दावा लावायला सांगेन.

आता पोलीस. उशीर झाला म्हणून गुन्हा नोंदवत नाहीत असं होत नाही. आई दवाखान्यात होती, घरात दुसरं कोणी धावपळ करणारं नव्हतं, जे खरं कारण असेल ते तक्रारीत लिहा. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय ठाण्यातून उठू नका. नोंदवून घेतलीच नाही तर तीच तक्रार लेखी, पोस्टाने जिल्हा पोलीस अधीक्षकांना पाठवा आणि पावती जपून ठेवा.

सगळ्यात जास्त दावे कुठे अडकतात सांगू? पहिल्या केसपेपरवर. पोलिसांची कटकट नको म्हणून नातेवाईक दवाखान्यात सांगतात, 'ओट्यावरून पडली.' डॉक्टर तेच लिहितात, आणि नंतर कंपनी म्हणते की अपघात झालाच नाही. म्हणून आईला आधी जिथे नेलं तिथला पहिला कागद आजच मिळवा. 'वाहनाची धडक' असं लिहिलंय का आणि एमएलसी (दवाखान्याने पोलिसांना कळवायची अपघाताची) नोंद आहे का, ते वाचून घ्या. बाकी बिलं, एक्स-रे, डिस्चार्ज कार्ड आणि जळगावला नेलेल्या रिक्षाची पावतीसुद्धा एका पिशवीत ठेवा.

तुम्ही विचारलंय, 'मजुरीची पगारपावती कुठून आणू?' ती लागत नाही. ज्यांच्या शेतात आई जायची त्या शेतकऱ्याची साक्ष चालते, रोजगार हमीचं जॉबकार्ड चालतं. काहीच नसेल तरी न्यायाधिकरण (अपघाताचे दावे चालवणारं कोर्ट) अंदाजाने उत्पन्न धरतं, आणि घरकामाचंही मोल धरतं. अपंगत्वाचा दाखला सिव्हिल हॉस्पिटलमधून घ्या, पण टक्के कमी दिसले म्हणून खचू नका. सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या निकालात स्पष्ट केलंय की दाखल्यावरचे टक्के वेगळे आणि कमाईची ताकद किती गेली ते वेगळं. बसून काम करणाऱ्याच्या मांडीत रॉड असला तर तो उद्या कामावर जाईल. पण कंबरेला ओटी बांधून दिवसभर कपाशीच्या ओळीतून वाकून चालणाऱ्या बाईचा हंगामच जातो, कदाचित पुढचे सगळेच हंगाम. हे वकिलांना नीट मांडायला लावा.

वकिलांच्या फीची काळजी करू नका. बाईमाणसाला उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळतो. जळगावच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, तिथे अर्ज करा किंवा १५१०० वर फोन लावा. 'मिळेल त्यातले इतके टक्के माझे' असं कोणी म्हणालं तर उठून या. वकिलांना तशी फी ठरवायला बंदी आहे.

दावा अपघातापासून सहा महिन्यांच्या आत लावायचा. २०२२ पासून ही मुदत आहे, आणि तुमचा एक महिना तर गेलाच. आई राहते त्या भागाच्या न्यायाधिकरणातही दावा लावता येतो. ड्रायव्हरवरचा फौजदारी खटला वेगळा चालतो, त्याच्या निकालासाठी थांबायचं नाही.

तुमच्याकडे पिकअपचा नंबर आहे. तो एमपरिवहन अॅपवर टाका आणि अपघाताच्या दिवशी विमा चालू होता का ते आजच बघा. नसेल तर इथेच कळवा. मग दावा थेट मालकावर लागतो आणि वसुलीची वाट वेगळी असते, ती मी सविस्तर लिहीन.