सांगून निघता येत नाही तेव्हा

अगं,

घरच्यांना न सांगता घर सोडून वेगळं राहायचा तुझा बेत कळला. त्यात तुला टोचतंय ते आईपासून लपवणं, म्हणून आधी तेच. अठरा पूर्ण झाल्यावर कुठे राहायचं हे तुझं तू ठरवू शकतेस. पण पगार परस्पर काढून घेणाऱ्या आणि ‘गेलीस तर जिवाचं बरंवाईट करीन’ म्हणणाऱ्या घरातून सांगून निघता येत नाही. बेत लपव, पण त्यासाठी खोटी ट्रेनिंग, खोटं आजारपण रचू नकोस. प्रत्येक थाप पुढे सांभाळत बसावी लागते.

दहावी-बारावीच्या मूळ मार्कशीट, शाळा सोडल्याचा दाखला, जन्मदाखला, पॅन, पासपोर्ट हे एकेक करून डब्याच्या पिशवीतून बाहेर काढ. आधारला बाबांचा नंबर असेल तर ओटीपी त्यांच्याच फोनवर जातो आणि गाडी तिथेच अडते. म्हणून आधी स्वतःच्या नावावर सिम घे. मग आधार केंद्रात ठसे देऊन नंबर बदल, मग दुसऱ्या बँकेत एकटीचं खातं उघड. पगार मात्र शेवटच्या महिन्यातच वळव. पीजीचं डिपॉझिट आणि वर तीन महिन्यांचा खर्च जमेपर्यंत थांब. दागिने तुझ्या लग्नासाठी केलेले असले तरी शिवू नकोस. चोरीची तक्रार तिथूनच होते.

मॅप्सवरचं लोकेशन शेअरिंग आणि व्हॉट्सअ‍ॅपची जोडलेली उपकरणं निघायच्या दिवशीच बंद कर, आधी केलंस तर संशय येईल. पीजी कल्याणला मिळो की विरारला, ऑफिस घरच्यांना ठाऊक आहेच. ते गेटवर येतील, म्हणून एचआरला आधीच सांगून ठेव.

‘स्वखुशीने जात आहे, सुखरूप आहे’ अशी सही-तारखेची चिठ्ठी घरी ठेव. तुला मेलेली समजून त्यांनी हॉस्पिटलं धुंडाळावीत, एवढी शिक्षा कुणाला नको. तोच मजकूर घराच्या हद्दीतल्या पोलीस ठाण्यात दे, प्रतीवर पोच घे आणि पत्ता घरी कळवू नये असंही त्यात लिही. मिसिंगची तक्रार झालीच तर जबाब द्यायला जा, पण एकटी नको. मारहाण झाली किंवा कोंडून ठेवलं तर 112 लाव. 2005 चा कौटुंबिक हिंसाचार कायदा मुलींनाही लागू आहे. आईने जीव देण्याची धमकी दिली तर धावत परतू नकोस. 112 ला आणि शेजारच्या काकूंना लगेच फोन कर.

धाकट्या भावाला आधी काही सांगू नकोस, नाहीतर उलटतपासणी त्याचीच होईल. त्याला मागे ठेवण्याचं ओझं मात्र राहील, त्यावर माझ्याकडे उपाय नाही.

आणि आजीच्या गोळ्या तूच देतेस ना? महिनाभराच्या आणून ठेव. सकाळची कुठली, रात्रीची कुठली, हे मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजला चिकटव.