म्युझिक टेक्नॉलॉजीत एमएस करायचंय? आधी हे वाच

रँकिंगचा नाद सोड, मार्गदर्शक बघ. बार्सिलोनाच्या पोम्पेउ फाब्रा विद्यापीठात हिंदुस्तानी-कर्नाटक संगीतावर मोठं काम झालंय. आपल्याकडे आयआयटी मुंबईत संगीत-ध्वनीवर संशोधन करणाऱ्या प्रीती राव यांच्या गटाचे पेपर चाळ.

सुरुवातीला एवढंच:

- पायथन, लिब्रोझा (आवाजाच्या विश्लेषणाची पायथन लायब्ररी) आणि फूरिये ट्रान्सफॉर्म (आवाजातल्या कंप्रता वेगळ्या करणारं गणित). डीप लर्निंग नंतर.
- एक छोटा प्रयोग तडीस ने. यमनचा आलाप घे, स्वरांचा आलेख काढ. मींड रेषेत दिसते, पण मध्येच प्रोग्राम गायकाला सोडून तानपुऱ्याचा षड्ज धरून बसतो. असं का होतं, ते शोध. (माझा अख्खा आठवडा त्यात गेला होता!)

आणि अर्जात 'लहानपणापासून संगीताची आवड' नको. माझ्या पहिल्या अर्जात तेच होतं, नकार आला. त्याऐवजी हा आलेख दाखव.